डावीकडे एक इंच

कानडी मुलखातल्या एका शहरात, नगर्तपेटेच्या बोळात कृष्णाजी पतंग्यांचं शिवणाचं दुकान होतं, आणि त्या दुकानात एक मापवही होती, जी ते बायकोलाही उघडू देत नसत. वहीत आकड्यांशेजारी बारीक खुणा असत. अर्धा चंद्र म्हणजे गिऱ्हाइकाचा एक खांदा उतरलेला, टिंब म्हणजे पाठीला पोक, उभी रेघ म्हणजे पोट दर वर्षी पुढे सरकतंय. वडिलांनी कात्री हातात देताना सांगितलं होतं, गिऱ्हाइकाचं व्यंग कापडानं झाकायचं, तोंडानं काढायचं नाही. हा नियम कृष्णाजींनी चाळीस वर्षं पाळला. उतरलेल्या खांद्यात ते गुपचूप कापसाची पट्टी भरत, आणि कोट घालून आरशासमोर उभा राहिलेला माणूस स्वतःवरच खूश होऊन जाई. चांगला शिंपी म्हणजे अर्धा लबाड, असं ते स्वतःच म्हणत, आणि म्हणताना त्यांना अभिमानच वाटे.

ही लबाडी घरात शिरली ती नातीमुळे. नयना दोन वर्षांची झाली तेव्हा गौरीच्या सणाला त्यांनी तिला पहिला खणाचा परकर शिवला. घेर छान, नेफा छान, पण पोर उभी राहिली की डावीकडचा काठ जमिनीला टेकायचा. आधी त्यांना वाटलं, आपलीच कात्री चुकली. परकर उसवून पुन्हा मापला तर दोन्ही बाजू तंतोतंत. मग त्यांनी तेच केलं जे दुसऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकासाठी केलं असतं. डावी बाजू एक इंचानं कमी कापली, काठ सरळ करून टाकला आणि वहीत नयनाच्या नावापुढे एक छोटा त्रिकोण काढला. त्रिकोण ही नवी खूण होती. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पोरीच्या अंगात काही कमी आहे हे आजोबानं आपल्या तोंडानं कसं काढायचं?

नयना चालताना डुलायची. आजी सकवारबाईंना त्याचं भारी कौतुक. "देवळातल्या हत्तिणीवाणी चालते माझी बाय," असं त्या गल्लीभर सांगत. सून विद्या मात्र धारवाडची, शाळेत फायनलपर्यंत शिकलेली आणि मुळातच शंकेखोर. तिनं एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं, "मामंजी, ही जरा वेगळी चालते नव्हं? तुमची नजर मापाची. तुम्ही बघा की."

कृष्णाजींनी बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "वाढतं अंग आहे. होईल सरी, ठीक होईल."

मुलगा उमाकांत टेलिफोनच्या कारखान्यात सकाळी सहाला जायचा तो दिवेलागणीला यायचा. वडील म्हणाले ना, मग झालं, असा त्याचा खाक्या. विषय तिथेच मिटला. पहिला धरून दीड वर्षात कृष्णाजींनी नयनाला पाच परकर शिवले, आणि पाचही डावीकडे एक इंच कमी.

एकसष्ट सालची संक्रांत झाली आणि दुकानात डॉक्टर नीरजा देवस्थळी आल्या. त्यांचे यजमान विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि त्या स्वतः मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवायच्या. पुण्याहून येऊन त्यांना दोनच वर्षं झाली होती, आणि त्यांचं मराठी इतकं शुद्ध होतं की ते ऐकताना कृष्णाजी आपोआप ताठ बसत. आजवर त्या पांढरे कोट शिवायला यायच्या. या वेळी त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक भलंमोठं बोचकं होतं.

"मास्तर, घाबरू नका," असं म्हणून त्यांनी कागद उलगडला. आत माणसाच्या कमरेचं अख्खं हाड होतं, आणि डाव्या मांडीचं एक लांबलचक हाड.

घाबरायचं कृष्णाजींनी टाळलं. सकवारबाई आतून चहा घेऊन येत होत्या, त्या दारातूनच कपबशीसकट माघारी फिरल्या.

बाईंचं म्हणणं असं होतं, की कॉलेजातली प्रेतं औषधात ठेवून ठेवून करडी पडतात. सगळे स्नायू एका रंगाचे दिसतात, कुठला कुठून निघतो आणि कुठं जातो ते मुलांना कळत नाही. मुलं पाठ करतात आणि परीक्षेत गडबडतात. म्हणून त्यांना मांडीचे आणि कमरेचे स्नायू कापडाचे करून हवे होते. प्रत्येक स्नायू वेगळा, दोन्ही टोकांना हूक, म्हणजे मुलांनी स्वतःच्या हातानं हाडावर लावायचा आणि काढायचा. "नुसतं चित्र काढून भागत नाही हो. स्नायू ओढतो, ते हाताला कळलं पाहिजे. हे काम तुम्हीच करू शकाल."

शेवटचं वाक्य कृष्णाजींना लागू पडलं. त्यांनी हाडं ठेवून घेतली.

घरात महाभारत झालं. सकवारबाईंनी दुकानाच्या उंबऱ्यावर गोमूत्र शिंपडलं, आणि हाडं असेपर्यंत दुकानात पाऊल टाकणार नाही असं जाहीर केलं. ते त्यांनी पाळलं, फक्त रोज दारातून मान आत घालून "आज काय शिवलं मेल्याचं?" एवढं विचारायच्या. कृष्णाजींनी सुताराकडून एक फळी आणली, त्यावर मांडीचं हाड उभं ठोकून बसवलं आणि वर कमरेचं हाड ठेवलं. मांडीच्या हाडाच्या डोक्याला लिंबाएवढा गुळगुळीत गोळा, आणि कमरेच्या हाडाला बाजूनं खोलगट वाटी. गोळा वाटीत असा बसायचा की कृष्णाजी नुसतेच तो फिरवत राहिले. चाळीस वर्षं त्यांनी विजारी शिवल्या होत्या, खुब्याच्या जागी कापडाला सैल ठेवावं लागतं हे हाताला ठाऊक होतं, पण आत काय आहे ते त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं. शिंप्यानं खांद्यात बाही बसवावी तसा देवानं हा पाय बसवलेला, असं त्यांच्या मनात आलं.

बाई दर शनिवारी यायच्या आणि पुढच्या स्नायूंची चित्रं द्यायच्या. मांडीच्या पुढच्या अंगाला चार तोंडांचा एक मोठा स्नायू, चारही तोंडं गुडघ्याच्या वाटीपाशी येऊन एक झालेली. तो त्यांनी चार कळ्यांच्या झग्यासारखा शिवला. मागच्या अंगाला तीन लांब दोर. आतल्या बाजूला मांड्या जवळ आणणारे, एकाखाली एक लपलेले. लाल पॉपलिन, आत इलॅस्टिक, टोकांना पांढरी फीत. मग बाईंनी एक अरुंद, लांब पट्टी दाखवली, कमरेच्या पुढच्या टोकापासून तिरकी उतरून गुडघ्याच्या आतल्या बाजूला पोचणारी.

"हा सार्टोरियस. अंगातला सगळ्यात लांब स्नायू. आणि मास्तर, याचं नाव तुमच्यावरनं पडलंय. जुन्या लॅटिन भाषेत शिंप्याला सार्टोर म्हणतात, त्यावरून. मांडी घालून बसताना हा लागतो ना."

कृष्णाजी त्या दिवशी दुकानातून घरात गेले ते एक वीत उंच होऊनच. "ऐकलंस का, साहेबांच्या पुस्तकात शिंप्याच्या नावाचा स्नायू आहे. सोनाराच्या नावाचा एकसुद्धा नाही," असं त्यांनी सकवारबाईंना दोनदा सांगितलं. त्या स्नायूला पॉपलिन नको म्हणाले, रेशीम लावलं, आणि त्याच्या कडेला तीन दिवस बारीक तुरपाई करत बसले.

उरला तो कमरेच्या बाहेरच्या बाजूचा एक स्नायू, पंख्यासारखा पसरट. वरून रुंद, खाली निमुळता होऊन मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर चिकटणारा. बाईंनी त्याचं काही नाव सांगितलं होतं, कृष्णाजींनी त्याला पंखाच म्हणायचं ठरवलं. काम कंटाळवाणं होतं. "हा दिसतो साधा," बाई म्हणाल्या होत्या, "पण याच्याशिवाय चालता येत नाही. आपण एक पाय उचलतो तेव्हा दुसऱ्या पायाचा हा पंखा कंबर धरून ठेवतो, नाहीतर कंबर उचललेल्या पायाकडे लवंडेल." कृष्णाजींनी मान डोलावली होती. लक्ष सगळं रेशमी पट्टीकडे होतं.

गुरुवारी दुपारी त्यांनी पंखा लावला. फळीवरच्या एकाच मांडीच्या हाडावर कंबर तोलून धरायची आणि बाजूनं पंख्याचे हूक अडकवायचे. अडकवले, आणि आश्चर्य असं, की कंबर खरोखरच सरळ उभी राहिली. कृष्णाजींनी हात सोडला तरी ती उजवीकडे कलली नाही. ते खुर्चीवर मागे टेकून कौतुकानं बघत बसले.

गोळा वाटीतून निसटू नये म्हणून त्यांनी तात्पुरता एक कच्चा धागा बांधला होता. तो तुटला. गोळा वाटीबाहेर आला आणि हाडाच्या बाजूनं वर सरकला. पंखा एकदम ढिला पडला, इलॅस्टिकला चुण्या पडल्या, आणि कंबर उजवीकडे अलगद झुकली. कृष्णाजींनी हातानं सरळ केली, सोडली, पुन्हा झुकली. सरळ केली, पुन्हा झुकली.

असं झुकणं त्यांनी कुठं पाहिलं होतं ते त्यांना सांगावं लागलं नाही. अंगणात नयना त्याच वेळी बाहुली घेऊन येरझाऱ्या घालत होती. डावा पाय टेकला की तिची कंबर उजवीकडे खचायची, आणि पडू नये म्हणून ती अंग डावीकडे टाकायची. हत्तिणीवाणी.

त्यांनी टेप काढला. कमरेच्या हाडाच्या वरच्या टोकापासून गुडघ्यापर्यंत आधी अठरा भरत होतं, आता सतरा. फळीवरचं हाड मोठ्या माणसाचं आणि पोर साडेतीन वर्षांची, हा हिशेब त्या घडीला त्यांना सुचला नाही. त्यांना तो एक इंच तेवढा दिसला. त्यांनी मापवही उघडली. नयनाच्या नावापुढे पाच त्रिकोण एकाखाली एक होते.

दोन दिवस कृष्णाजी जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. मनात एकच गोष्ट घोळत होती. शनिवारी बाई येतील, त्यांना पोर दाखवायची, एवढं तर ठरलंच. पण 'आत्ताच लक्षात आलं' असं म्हणता येण्याजोगं होतं. कुणाला कळणार होतं? खुणा त्यांच्याशिवाय कुणालाच वाचता येत नव्हत्या.

शनिवारी बाई आल्या, कापडी मांडी बघून लहान मुलीसारख्या खूश झाल्या. कृष्णाजी म्हणाले, "बाई, ते स्वल्प, जरा बाजूला ठेवा. माझ्या नातीला बघता का?"

विद्या नयनाला घेऊन आली. बाईंनी पोरीला आधी चालवलं, मग डाव्या पायावर उभं राहायला सांगितलं. उजवीकडची कंबर खाली गेली. पोरीला तिथल्याच सतरंजीवर निजवून दोन्ही गुडघे दुमडले, तर डावा गुडघा बुटका. बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी विद्याला सावकाश सांगितलं, की हिचा डावा खुबा जन्मापासून निखळलेला दिसतो, एक्स-रे काढायला हवा, आणि हाडांच्या सर्जनना त्या स्वतः भेटवतील.

"नीट होईल?" विद्यानं विचारलं.

"बहुतेक होईल. पाच-सहा वर्षांच्या पुढं गेली असती तर अवघड होतं. आणखी लवकर आली असती तर कदाचित चाकूसुद्धा लागला नसता. तुम्हाला हे कधीपासून जाणवलं?"

विद्या म्हणाली, "मला वाटायचं. पण घरात सगळे म्हणाले काही नाही."

इथं गप्प बसलं असतं तर निभून गेलं असतं. कृष्णाजींचा हात गल्ल्याखालच्या कप्प्याकडे गेला. त्यांनी वही काढली, नयनाचं पान उघडलं आणि सुनेपुढे धरलं.

"दीड वर्ष झालं," ते म्हणाले. "मला ठाऊक होतं. म्हणजे खुबा ठाऊक नव्हता, पण डावीकडं एक इंच कमी आहे ते ठाऊक होतं. प्रत्येक परकर मी डावीकडं कमी कापला. हे त्रिकोण त्याचेच."

विद्यानं वही हातात घेतली नाही. त्या त्रिकोणांकडे बघतच ती म्हणाली, "मामंजी, मला रोज वाटायचं हिचा पाय तोकडा आहे. रोज मी परकराच्या काठाकडं बघायची. काठ सरळ दिसायचा. मग म्हणायची, तूच वेडी आहेस." ती पोरीला उचलून आत गेली. कृष्णाजींना कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

एक्स-रेनं बाईंचं म्हणणं खरं ठरवलं. नयना इस्पितळात दाखल झाली. आधी तीन आठवडे पायाला वजन बांधून ठेवलं, आखडलेले स्नायू सैलावून गोळा खाली उतरावा म्हणून. मग ऑपरेशन. सर्जननी गोळा वाटीत बसवला आणि छातीपासून डाव्या घोट्यापर्यंत, उजवीकडे गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं, दोन्ही पाय फाकलेले. पोर खाटेवर बेडकासारखी पडून छताकडे बघायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "ही भिंत माझी आहे" असं सांगून प्लास्टरवर टिचकी मारायची. उमाकांत कारखान्यातून थेट इस्पितळात यायचा. बापाकडे पाठ करून तो पोरीच्या उशाशी बसायचा.

विद्या त्यांच्याशी बोलत नव्हती. ताट वाढायची, पाणी ठेवायची, मान खाली. महिना असा गेला. कृष्णाजी रोज दुपारी इस्पितळात जाऊन खाटेच्या पायथ्याशी बसत.

एक दिवस विद्यानं पिशवीतून नयनाचा जुना झगा काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. प्लास्टरवरून कुठलाच कपडा चढत नव्हता, पोर चादरीखाली उघडीच असायची, आणि तिला आता लाज कळत होती.

"बाजूनं उघडता येईल असं करा," विद्या म्हणाली. "आणि माप घ्या. नीट घ्या."

कृष्णाजींनी टेप काढला. सगळ्या वॉर्डासमोर त्यांनी प्लास्टरचा घेर मापला आणि प्रत्येक आकडा मोठ्यानं म्हटला, विद्यानं तो लिहून घेतला. खूण एकही काढली नाही. दोन्ही बाजूंना बंद असलेला, पोटावर खिसा असलेला झगा दुसऱ्या दिवशी तयार होता. मग शेजारच्या खाटेवरच्या पोरीसाठी एक, आणि तिच्या पलीकडच्या पोरासाठी सदरा. नर्सा त्यांना बघितल्यावर खुर्ची पुढे करू लागल्या.

दुकानातही फरक पडला. कृष्णाजी आता गिऱ्हाइकांना तोंडावर सांगू लागले. एका रिटायर्ड हेडमास्तरांना म्हणाले, "सर, डावा खांदा मागच्या वर्षीपेक्षा अर्धा इंच उतरलाय. डॉक्टरला दाखवा, कोट मग शिवतो." हेडमास्तर रागावून समोरच्या दुकानात गेले. सकवारबाई म्हणाल्या, "असंच चालू ठेवा, माशा मारायला मीही येऊन बसते." पण दोन महिन्यांनी तेच हेडमास्तर परत आले, आणि कोट इथंच शिवला.

पावसाळ्याच्या मध्यावर प्लास्टर निघालं. आतून निघालेला पाय काडीसारखा बारीक, आणि पोर त्याच्यावर उभी राहायलाच तयार नाही. सर्जन म्हणाले, हाड आपल्या जागी आहे, आता स्नायू कमवायचे. नीरजाबाई घरी आल्या आणि कापडी पंखा दाखवून नयनाला म्हणाल्या, "हा तुझा पंखा. झोपलाय. रोज उठवायचा." कुशीवर निजून डावा पाय वर उचलायचा, असा व्यायाम. कृष्णाजी भिंतीला टेप चिकटवून बसायचे. पहिल्या दिवशी पाय दोन इंच उचलला गेला. पोर रडली. आठव्या दिवशी चार. दसऱ्याला नऊ. सकवारबाई, ज्या हाडांना शिवत नव्हत्या, त्या नातीच्या शेजारी कुशीवर निजून स्वतःचा पाय उचलून दाखवू लागल्या, आणि त्यांचा सहाच्या वर कधी गेला नाही, यावर नयना पोट धरून हसायची. माघात ती भिंत सोडून चालली. डुलत, पण पूर्वीपेक्षा कमी.

बासष्टच्या उगादीला, म्हणजे पाडव्याला, नवा परकर शिवायचा ठरला. खण विद्यानं आणला, निळा, लाल काठाचा. कृष्णाजींनी कापड पसरलं, खडूनं रेघ ओढायला घेतली आणि हात आपोआप डावीकडे एक इंच अलीकडे थांबला. दीड वर्षाची सवय. त्यांनी हात उचलला, रेघ पुसली आणि दोन्ही बाजूंना एकच माप धरून कात्री चालवली.

सणाच्या सकाळी नयना न्हाऊन आली. परकर घालून ती अंगणात मधोमध उभी राहिली, दोन्ही हात कमरेवर. कृष्णाजी गुडघ्यावर बसले आणि काठ बघू लागले. उजवीकडे, पुढे, मागे, छान. डावीकडे काठ किंचित खाली होता. परक्याला दिसला नसता, शिंप्याला दिसला.

ते घसा खाकरून म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "डावीकडं पाव इंच कमी आहे अजून."

उमाकांत, सकवारबाई सगळे वाकून बघू लागले. विद्या पोरीच्या मागे येऊन उभी राहिली. तिनंही तो काठ बघितला, नीट बघितला, पहिल्यासारखी मनाची समजूत न घालता. एक इंचाचा पाव इंच झाला होता. उरलेला पाव इंच, पंखा मजबूत होईल तसा, भरून निघेल असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

कृष्णाजींनी टाचणी काढली. "बसवून देऊ? दोन टाक्यांचं काम आहे. आज सण आहे, चार बायका येतील."

"नको मामंजी," विद्या म्हणाली, आणि त्यांच्या हातातली टाचणी काढून घेतली. "राहू दे तसाच. दिसू दे."